शुक्रवारचा चुकांचा कागद

ता. ६ जुलै

चि. ठमीस अ. उ. आ. (उत्तम किती ते पत्राच्या शेवटी ठरेल.)

तुमच्या परदेशी कंपनीची ती बाई आपला माल बघायला येऊन गेली. तिचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी तिला वहीवाली म्हणते. उंच, काटकुळी, पायात पुरुषी बूट आणि काखेत सदानकदा वही. दोन दिवस आपल्या कारखान्यात फिरली. चाळीस बाया मशीनवर बसलेल्या, चामड्याच्या हातमोज्यांचे ढीग लागलेले, आणि हिच्या तोंडातून शब्द नाही. चांगलं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. बरोबरचा दुभाषा कामाविना जांभया देत बसला होता. शेवटची तपासणी मी स्वतः करते, ती तिनं अर्धा तास उभं राहून पाहिली, तरी मान हलली नाही. जेवायला बसवलं, ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं, पण चव लागली का बेचव तेही कळू दिलं नाही. ज्या पाहुण्याला घरातलं काहीच आवडत नाही, त्याचा डोळा घरावर असतो, असं माझं मत आहे.

आणि मग तिनं काय विचारावं? खराब निघालेला माल कुठं ठेवता, म्हणे! मी ठणकावून सांगितलं, आमच्याकडे खराब निघतच नाही. खराबचं पिंप मी आदल्या दिवशीच न्हाणीघरात सरकवून वर चादर टाकली होती. ही बया हात धुवायला म्हणून नेमकी तिथंच गेली. चादर उचलली, एकेक हातमोजा काढून उजेडात धरला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. हसली, ठमे! वहीत पानभर लिहिलं. मी चादर परत ओढली, पण तोवर तिचं लिहून झालं होतं.

कुठंतरी पाणी मुरतंय. खराब जोडी उसवली की आतली सगळी कापणी दिसते. ती आपली कापणी चोरायला आली होती की आपलं नाक कापायला, ते तू तिथं राहून शोध आणि लिही. फोन करू नकोस. फोनवर माणूस खोटं बोलून मोकळं होतं, कागदावर निदान हात अडखळतो. शिवाय तुझा फोन आला की चाळीस मशीनं एकदम गप्प होतात आणि चाळीस कान उभे राहतात.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढला की माणूस गाफील होतं.

तुझी आजी


ता. १९ जुलै

ती. आजीस सा. न. वि. वि. (साष्टांग घालण्याइतकी जागा माझ्या खोलीत नाही, तेव्हा मनातल्या मनात.)

तुझं पत्र वाचून मी कचेरीत एकटीच हसले आणि शेजारच्यानं मला पाणी आणून दिलं. वहीवाली कापणी चोरायला आली नव्हती. ती परत आल्यावर तुझ्या न्हाणीघरातल्या पिंपाबद्दलच बोलत होती. दोन दिवसांत खरं असं तेवढंच दिसलं, असं तिचं म्हणणं.

आपल्या दर शुक्रवारच्या खोक्यात एक छापील कागद घालायचा असतो ना, त्यावर तीन प्रश्न आहेत: या आठवड्यात काय चुकलं, कुणाच्या लक्षात आलं, मग काय केलं. तू अकरा आठवडे तिन्ही प्रश्नांना आडवी रेघ मारून 'सर्व उत्तम' लिहिते आहेस. आजी, इथं त्याचा अर्थ उत्तम असा होत नाही. जिथं माणसं काम करतात तिथं चुका होणारच, असं ही माणसं धरून चालतात. ज्याच्या कागदावर चूक नाही, तो एकतर बघत नाही किंवा लपवतो. माझ्या शेजारचा माणूस रोज सकाळी साहेबांसमोर आपली कालची चूक सांगतो, आणि साहेब त्याचे आभार मानतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, याची नोकरी गेली. मी आपली महिनाभर 'काही चुकलं नाही' म्हणत राहिले, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी गोदामातून काही उचललंय.

आणि स्तुती न करणं हा इथं अपमान नाही. माल चांगला असणार हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं, त्यात बोलायचं काय, असं त्यांना वाटतं. तेव्हा पुढच्या शुक्रवारी एखादी चूक लिही. लहानशी चालेल, पण खरी हवी. हातमोज्यांची ही मागणी आपल्या कारखान्याला मीच शब्द टाकून मिळवून दिली आहे, ती टिकवायची आहे.

जाता जाता, तुझं अक्षर हल्ली केवढं मोठं झालंय! एका पानात सातच ओळी. शाई फुकट मिळते की काय?

रागावलीस तरी लोभ कमी करू नये, इतकंच मागते.

तुझी ठमी


ता. १ ऑगस्ट

चि. ठमीस अ. उ. आ.

अक्षर मोठं असेल तर मोठ्यानं वाच.

चार महिने परदेशात राहिलीस आणि आजीला शहाणपण शिकवायला लागलीस. आपल्या हातानं आपलं व्यंग लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. तीस वर्षं कारखाना चालवला तो झाकल्या मुठीवर. टाका सुटला तर उसवला, परत घातला, संपलं. गिऱ्हाइकाच्या दारात नीट जोडी गेली म्हणजे झालं, मधे काय झालं ते त्याच्या बापाला कशाला कळायला हवं? आज चूक लिहून घेतील आणि उद्या तोच कागद नाकासमोर धरून म्हणतील, तुम्हीच कबूल केलंय.

तरी तुझ्या शब्दाखातर या शुक्रवारी लिहिली एक. काय चुकलं: मांजर खोक्यावर झोपलं. कुणाच्या लक्षात आलं: माझ्या. मग काय केलं: उठवलं. आता समाधान?

आता घरातलं. तुझी मधली काकू, माल बांधायचं काम तिच्याकडे. परवा दुपारी बाया डबे खायला बसल्या होत्या, मी सहज बांधणीच्या खोलीत डोकावले. मी शिक्का मारून बंद केलेली काळ्या हातमोज्यांची खोकी सून उघडून बसली होती. मला बघितलं आणि एक जोडी मांडीखाली सरकवली. काय चाललंय विचारलं तर म्हणे, काही नाही आई, सहज. सहज! शिक्क्याचं खोकं कुणी सहज उघडतं का? वहीवाली आली तेव्हा ती आणि ही ओट्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या, ते मी विसरलेली नाही.

मी तिला तोंडावर चोर म्हटलं आणि खोलीची किल्ली काढून घेतली. आता अस्तराच्या कामाला बसवलंय, माझ्या नजरेसमोर. बावीस वर्षं घरात आहे खरी, पण बावीस वर्षं हा काही पुरावा नव्हे.

लोभ असू दे, आणि डोळे उघडे असू दे.

तुझी आजी


ता. २० सप्टेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

आज गंमत नाही. ऑगस्टच्या मध्यापासून आलेल्या खोक्यांत काळ्या जोड्या खराब निघताहेत. अंगठ्याच्या बेचक्यात टाके सुटलेले. वीस जोड्यांत तीन, कधी चार. तपकिरी माल मात्र निर्दोष. एका दुकानात गिऱ्हाइकानं हात घातला आणि अंगठा सरळ बाहेर आला. आणि त्याच खोक्यात तुझा कागद, सर्व उत्तम. मांजराचा कागद बैठकीत वाचला गेला. कुणी हसलं नाही. बांधणीच्या खोलीत जनावरं नेहमी असतात का, एवढंच विचारलं.

वहीवालीचं आता पक्कं मत झालंय की तुम्हाला सगळं माहीत आहे आणि तुम्ही जाणूनबुजून लपवता. मी शपथ घेऊन सांगितलं की माझी आजी तसली नाही. त्यांना शपथ नको, कागद हवा. पंधरा नोव्हेंबरला बैठक आहे. पुढच्या वर्षाची मागणी आपल्याला द्यायची की दुसऱ्याला, ते त्यात ठरणार. ती गेली तर चाळिसातली तीस मशीनं बंद होतील, हे तुला सांगायला नको.

प्रत्येक खराब जोडीतल्या चिठ्ठीवर शिक्का तुझाच आहे. खरं सांग, शेवटची तपासणी अजून तूच करतेस ना? की कुणा नवख्या हाती दिलीस? काकूलाही मी वेगळं पत्र टाकते आहे.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही, तो तू जाणतेसच.

ठमी


ता. २ ऑक्टोबर

चि. ठमीस आ.

तू आता कुणाची आहेस ते आधी लिही, मग बाकीचं बोलू.

तपासणी मीच करते. एकही जोडी माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय जात नाही. खिडकीशी बसते, सकाळचा लख्ख उजेड असतो. हल्लीचं काळं चामडं मात्र वाईट येतंय, उजेड पिऊन टाकतं. चामडेवाल्याला मी खडसावलं, तर म्हणतो तोच माल आहे. खोटारडा मेला. दोराही बदललाय त्यानं, माझी खात्री आहे.

नाहीतर दुसरं सांगते. किल्ली काढून घेतल्यापासून तुझी काकू तोंड शिवून बसली आहे. खाली मान घालून काम करते, हूं का चूं नाही. चोराच्या मनात चांदणं. माझ्या पाठीमागं तीच टाके उसवत असेल, सूड म्हणून. आणि तेही नसेल तर तुझी वहीवाली तिकडं बसून कात्रीनं उसवते आणि आपल्यावर ढकलते. दुसऱ्याला मागणी द्यायचीच असली की आपला बोकड लंगडा ठरवतात.

काकूला वेगळं पत्र टाकलंस ते कळलं. तिनं वाचलं आणि बारीक तुकडे करून टाकलं. मी तुकडे जुळवून बघितले, जमलं नाही.

लोभ कुणावर ठेवायचा ते तूच ठरव.

आजी


ता. ९ ऑक्टोबर

चि. ठमीस काकूचे अ. आ.

तुझं पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं समजून घे. हे आईंना कळू देऊ नकोस.

दोन वर्षं झाली. आईंना काळ्यावर काळा दोरा दिसत नाही. तपकिरीवर दिसतो, कारण तिथं दोरा फिका असतो. त्यांना हे कळलेलं नाही, की कळूनही मान्य नाही, ते मला माहीत नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही. दुपारी बाया डबे खायच्या तेव्हा मी काळी खोकी उघडायचे, सुटलेले टाके हातानं घालायचे आणि परत बंद करायचे. त्या दिवशी मांडीखाली घातली ती जोडी फारच उसवलेली होती. त्यांनी बघू नये म्हणून घातली.

आता किल्ली नाही. खोकी जाताना बघते आणि गप्प बसते. चोर म्हणाल्या त्याचं लागलं. पण खरं सांगितलं असतं तर त्यांच्याजवळ काय उरलं असतं? तुमचे डोळे गेले, हे सुनेनं सासूला कोणत्या तोंडानं सांगायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

वहीवाली बाईंनी मला ओट्यापाशी दुभाष्याकरवी एवढंच विचारलं होतं, की या कारखान्यात चूक दिसली तर ती कुणाला सांगतात. मी म्हटलं, कुणालाच नाही. त्यांनी ते लिहून घेतलं.

तब्येतीला जप. आहे तशी माया राहू दे.

तुझी काकू


ता. १८ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

मी कुणाची, असं विचारलंस. तुझीच आहे, म्हणून तर हे पार्सल पाठवते आहे. त्यांची असते तर नुसता ठपका पाठवला असता.

पार्सलात काळ्या हातमोज्यांच्या बारा जोड्या आहेत. सहा नीट, सहा सुटलेल्या. प्रत्येकीच्या आत पांढऱ्या पट्टीवर ठळक आकडा आहे. खिडकीशी बस, हवा तेवढा वेळ घे, आणि खराब त्या वेगळ्या काढ. मगच सोबतचं बंद पाकीट फोड. त्यात खराब सहांचे आकडे आहेत. मग त्याच बारा जोड्या मिसळून काकूसमोर ठेव.

माझा तुझ्यावर संशय आहे का, असं विचारशील. आहे. तुझा माझ्यावर आहेच, आता फिट्टंफाट झाली. पंधरा तारीख विसरू नकोस.

लोभ शिल्लक असेल तो सांभाळून ठेव. लागणार आहे.

तुझी ठमी


ता. ३० ऑक्टोबर

चि. ठमीस अ. उ. आ.

पार्सल आलं. सापळा आहे हे मी दोरी सोडतानाच ओळखलं. तरी बसले. सकाळभर खिडकीशी बसून बारा जोड्या चार चार वेळा बघितल्या. तीन खराब काढल्या, नऊ पास केल्या. मग पाकीट फोडलं. माझ्या तिनातली एकच खरी खराब. म्हणजे पाच चोर सोडले आणि दोन निरपराध लटकवले.

आधी वाटलं, आकडेच खोटे. म्हणून सुनेला हाक मारली. तिनं खिडकी बघितली नाही, खुर्ची घेतली नाही. उभ्या उभ्या दोन ढीग केले, सहा आणि सहा. मी पट्ट्या बघितल्या, तंतोतंत. पण मी बघते आहे म्हटल्यावर तिनं खराबातल्या दोन जोड्या हळूच उचलून चांगल्यात टाकल्या आणि म्हणाली, माझंच चुकलं आई, सगळ्याच ठीक दिसताहेत.

तेव्हा मला कळलं.

किती दिवस, असं मी विचारलं. ती म्हणाली, कशाचं काय. मी पुन्हा विचारलं. तिनं अस्तराचा कपडा चुरगळला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, दोन वर्षं. मी तिला चोर म्हटलं होतं आणि ती निघालीही चोरच. दोन वर्षं माझ्या चुका उचलून नेत होती आणि मला पत्ता नाही. रडलीबिडली नाही, हे बरं केलं. रडली असती तर मी ओरडले असते.

सोबत शुक्रवारचा कागद आहे. खोक्यातून न पाठवता तुझ्याकडे पाठवते, पंधरा तारखेच्या आत पोचावा म्हणून. काय चुकलं: तपासणारी बाई म्हातारी झाली, काळ्यावर काळं तिला दिसत नाही. कुणाच्या लक्षात आलं: सुनेच्या, दोन वर्षांपूर्वी. मग काय केलं: सुनेला चोर ठरवून तिची किल्ली काढून घेतली. एवढ्यात कागद भरला, म्हणून पुढचं मागच्या बाजूला लिहिलंय: किल्ली परत दिली. आजपासून काळ्यावरही आणि तपकिरीवरही शिक्का तिचा. मांजराचं लिहिलं ते थट्टेनं होतं, ते मागे घेते.

हे वाचून त्यांनी मागणी काढून घेतली तर मी तुला दोष देणार नाही. देईन, पण थोडा.

लोभ ठेव. सध्या इकडे त्याची आवक कमी आहे.

तुझी आजी


ता. १७ नोव्हेंबर

ती. आजीस आणि सौ. काकूस सा. न. वि. वि.

परवा बैठक झाली. तुझा कागद मी त्यांच्या भाषेत करून दिला होता, दोन्ही बाजू. वहीवालीनं तो उभं राहून वाचला. वाचून झाल्यावर तिनं कागद उलटा करून पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. इथले चेहरे मला अजून वाचता येत नाहीत. मग साहेबांनी एकच विचारलं, या सूनबाईंचं नाव तपासणीसांच्या यादीत का नाही? मी म्हटलं, कारण त्या हे काम लपून करत होत्या. कुणीतरी खोकलं, बहुधा हसू दाबलं असेल.

निकाल असा. काळ्याची मागणी गेली. ती दुसऱ्या कारखान्याला दिली आहे, आणि परत मिळेल असं मला कुणी म्हटलेलं नाही. तपकिरी आणि बाकीच्या रंगांची राहिली, पूर्ण वर्षाची. काळ्यावरची आठ मशीनं थांबतील. त्या बायांचं काय करायचं ते तू बघ.

मात्र वहीवालीचा संशय गेलेला नाही. एक सून दोन वर्षं गप्प बसली, तर चाळिसातल्या आणखी किती जणी गप्प आहेत, असं ती विचारते. यापुढे शुक्रवारी प्रत्येक बाईनं आपली चूक स्वतः सांगायची आणि ती कागदावर यायची, ही तिची अट आहे. मला वाटतं तिचं बरोबर आहे. आता माझ्यावर ओरड.

दोघींचा लोभ एकाच पाकिटातून पाठवावा, टपाल वाचेल.

तुमची ठमी


ता. १ डिसेंबर

चि. ठमीस अ. उ. आ.

ओरडत नाही. घसा बसलाय, तो का ते पुढं कळेल.

आठ बायांपैकी एकीलाही काढलं नाही. चाळीस जणींचा वेळ थोडा थोडा कमी केला. सगळ्यांनी मला सारख्याच शिव्या दिल्या, म्हणजे वाटणी बरोबर झाली.

शुक्रवारी मशीनं थांबवली आणि वहीवालीची अट सांगितली. एक म्हणाली तिचं काहीच चुकत नाही, दुसरी म्हणाली सुई आधीपासूनच वाकडी होती, तिसरी छताकडे बघत राहिली. त्यांना वाटलं, चूक सांगेल ती पहिली घरी जाईल. मी त्यांच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं. म्हणून मी म्हटलं, आधी माझ्या चुका मोजू. सुनेला पुढं बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगायला लावलं. ती म्हणाली, सगळं ठीक आहे. मी म्हटलं, मग अशीच उभी राहा, मला घाई नाही.

शेवटी ती म्हणाली की मी शिक्का मारताना शाई सांडते. मी कबूल केलं. मग म्हणाली की खिडकीची एकुलती एक चांगली जागा मी अडवून बसते. तेही कबूल. मग तिला वाट सापडली, ठमे. कारखान्यातून जी निघाली ती स्वयंपाकघरात शिरली, आणि तिथून थेट लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात. बावीस वर्षांचं एकेक, तारखेसकट. मी मधेच अडवलं, की हे कागदाच्या बाहेरचं आहे. ती म्हणाली, मागची बाजू आहे की. मग मीही काही बोलले, घसा बसला तो तिथं. पण ती थांबली नाही, आणि खोटं एकही सांगितलं नाही, मी लक्ष ठेवून होते.

ती दमून बसली आणि मी तिला काढलं नाही, हे बघितल्यावर सुईवाली उठली. मग तिच्या शेजारची, मग तिच्या मागची. एकोणचाळीस चुका सोबतच्या कागदांवर आहेत. अक्षर सुनेचं आहे, वाचायला सोपं जाईल. चाळिसावी बाई अजून विचार करते आहे, तिच्यावर माझं लक्ष आहे.

सुनेनं माझ्या सांगितल्या त्या मात्र पाठवत नाही. त्या घरातल्या आहेत. वहीवालीला हव्याच असतील तर तिनं स्वतः यावं आणि सुनेसमोर बसावं. येताना दोन वह्या जास्तीच्या आणायला सांग.

लोभ पाठवला आहे, दोघींचा. मोजून घे.

तुझी आजी